ढालीवरचा लेप

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध अध्यापक राहत असत. निवृत्तीनंतर त्यांनी संगणकावर रॉकेट बांधण्याचा एक खेळ आणून ठेवला होता आणि शनिवारी दुपारी महाविद्यालयातली मुलं त्यांच्याकडे तो खेळायला येत. त्यांत एक शिष्य होता. हुशार, तळमळीचा आणि तितकाच उतावळा. गावाशेजारच्या खडी क्रशरच्या धुळीविरुद्ध त्याने विद्यार्थ्यांचा गट उभा केला होता.

त्या शनिवारी तो एकटाच आला.

“शाल्मली कुठे?” सरांनी विचारलं. खेळातलं यान त्या दोघांनी मिळून बांधलं होतं.

“दमलीय म्हणे,” तो खुर्ची ओढत म्हणाला. “सोमवारी क्रशरची सुनावणी, आणि आज सांगते, दुसऱ्या कुणाला बोलायला उभं कर. चारही सुनावण्यांना तीच बोलली, सर. क्रशरवाल्याची माणसं तिच्या दारासमोर गाडी लावून बसली, तेव्हासुद्धा हूं की चूं केलं नाही. आणि आता हे. काल तर चांगली ठणठणीत दिसत होती.”

“मग तू काय म्हणालास?”

“म्हटलं, नाटकं पुरेत. सोमवारी दहाला ये.”

सर पडद्याकडे वळले. तिथं यान तीन प्रवाशांना घेऊन चंद्राहून पृथ्वीकडे परतत होतं. वेग इतका होता की एका दमात उतरणं अशक्य. म्हणून वातावरणाच्या वरच्या थरात बुडी घ्यायची, थोडा वेग घालवायचा, बाहेर यायचं आणि पुन्हा बुडी घ्यायची, असा बेत होता. पहिली बुडी सुखरूप पार पडली होती.

“दुसरीही तेवढीच खोल घालू?” शिष्याने विचारलं.

एरवी प्रत्येक पावलाला सात शंका काढणारे सर आज एवढंच म्हणाले, “घाल.”

यानाची दिशा अचूक होती. उष्णतेची ढालही पुढे होती. तरीही मिनिटाच्या आत ढालीवरची तापमानाची तांबडी पट्टी काठोकाठ भरली. ढाल फुटली, आणि तिच्यामागून प्रवाशांची कुपी.

शिष्य पडद्याकडे पाहत राहिला. “खेळातच चूक आहे. मघाशी याच ढालीनं वाचवलं की.”

“मघाशी तिच्यावर लेप होता,” सर म्हणाले. “इथं प्रत्येक भागाची सोसण्याची मर्यादा ठरलेली आहे. ती ओलांडली की भाग फुटतो. ढाल काही वेगळी नाही. तिचा लेप जळतो, झडतो आणि झडताना उष्णता सोबत घेऊन जातो, म्हणून ती तग धरते. तिच्या आडोशाचे सगळे थंड राहतात. इतके थंड, की बाहेर आग आहे हे त्यांना ठाऊकही नसतं. पहिल्या बुडीत लेप जवळजवळ संपला. ढाल मात्र दिसायला तशीच, काळी, गोल, धडधाकट. उरलेल्या लेपाचा आकडा मुद्दाम उघडून पाहावा लागतो. शाल्मलीनं तर तो न विचारता सांगितला.”

 

“तुम्ही आकडा पाहिला होता,” शिष्य म्हणाला. “मग मला अडवलं का नाही?”

“अडवलं असतं, तर तू उथळ बुडी घेऊन यान वाचवलं असतंस आणि सोमवारी तिला उभं केलं असतंस. खेळाची बुडीआधीची प्रत मी जतन करून ठेवलीय. हे तिघे पुन्हा जिवंत होतील. सोमवारची प्रत कुठे आहे?”

शिष्याने फोन काढला. ‘सोमवारी मी बोलतो. तू येऊ नकोस,’ एवढं लिहून पाठवलं. तिनं वाचल्याची खूण उमटली. उत्तर आलं नाही.

तो वाट पाहत बसला. बसल्या बसल्या त्याला आठवलं, की चारही सुनावण्यांना आपण तिच्या मागच्याच रांगेत बसलो होतो, आणि घरी जाताना दर वेळी म्हणालो होतो, फारसं काही कठीण गेलं नाही.