नव्या इमेजला जागा

"...मग चूक माझी कशी, महाराज?"

हेरंबचा आवाज चढला होता. शहरातून शिकून आलेला गडी. भुरकेमहाराजांच्या मठात तो ज्ञान घ्यायला आला होता की वाटायला, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

महाराज बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिले.

मठाखालच्या वाडीला पाणी चढवणाऱ्या पंपाचा संगणक. त्यात हेरंबनं सकाळी नवा प्रोग्राम चढवला आणि जुना मोठ्या उत्साहानं पुसून टाकला. तेव्हापासून पंप मुका. मठाच्या दारात बाया हंडे घेऊन उभ्या.

"नाहीच झालं तर याच्या खांद्यावर कावड द्या," त्या बायांतल्या यमुनाक्का त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "अंगानं बरा आहे."

महाराजांनी बशी ठेवली. "बूटलोडरचं काम काय रे?"

"सगळ्यांआधी उठायचं. मोठ्या प्रोग्रामची इमेज, म्हणजे त्याचा अख्खा बांधलेला गठ्ठा, उचलून मेमरीत मांडायची. मग सगळा कारभार तिच्या हाती द्यायचा."

"बरं."

"जुनी इमेज दाखवाल तिथे बसायची. ही नव्या बांधणीची, मेमरीतली आपली जागा आपणच सांगते. तेही वाचायला शिकवलं मी लोडरला! बरोबर त्याच जागी मांडतो... आणि अर्ध्यात गार पडतो. इमेजच खोडसाळ आहे."

"असेल हो."

महाराज उठले. कोपऱ्यातलं घोंगडं आणलं आणि हेरंब बसला होता नेमकं तिथेच अंथरायला लागले. आधी त्याच्या गुडघ्यांवर.

"महाराज, इथे मी बसलोय."

"दिसतंय की."

मग खांद्यांवर. मग डोक्यावरून.

"अगं बाई, झाकलाच!" यमुनाक्का पदरात हसल्या.

घोंगडं आतून चुळबुळलं...

"महाराज," आतून बारीक आवाज आला, "तिला हवी ती जागा... तिथे माझा लोडरच बसलाय. तिला मांडता मांडता स्वतःलाच पुसतोय तो!"

"मग ऊठ की."

हेरंब उठला, केस विस्कटलेले. लोडरला त्यानं नवी शिस्त लावली: आधी आपण रिकाम्या कोपऱ्यात सरकायचं, मग तिथून इमेज मांडायची.

पंप खाकरला. घरघरला. खाली वाडीतून पोरांची आरोळी आली, "आलं, आलं!"

हेरंब भिंतीला टेकून खुळ्यासारखा हसत सुटला. बायांनी हंडे उचलले आणि त्याच्याकडे न बघताच उताराला लागल्या.

हसू जरा ओसरलं.

"महाराज, लोडरनं एवढं केलं... यांना कळणार तरी कधी?"

महाराजांनी गार झालेली बशी तोंडाला लावली.

"ज्या दिवशी कळेल ना बाळा, त्या दिवशी पाणी आलेलं नसेल."