उंडीचे पाहुणे

ज्या काळी समुद्र झाडांचेही ऐकत असे, त्या काळी कोकण किनाऱ्यासमोरच्या एका चिमुकल्या बेटावर दाट सावलीची एक उंडी उभी होती. ओहोटीला मधली वाळू उघडी पडे आणि किनाऱ्यावरची शेळी व बैल चालत तिच्या भेटीस येत. गप्पा रंगत, तोवर भरती येऊन वाट बुडे, आणि पुढच्या ओहोटीपर्यंत पाहुण्यांना तिच्या सावलीतच थांबावे लागे. तेवढ्यात सारी सुखदुःखे बोलून होत.

उंडीला मात्र वाटे, समुद्र आड येतो म्हणूनच पाहुणे रोज येत नाहीत. तिने त्याला विनविले, "दर्यादादा, जरा दूर सरा. माझ्या माणसांना हवे तेव्हा येऊ द्या."

"विचार कर हो, बाई," असे म्हणून समुद्र दूर सरला.

आता वाट सदैव कोरडी राहिली. शेळी येई, ती उभ्या उभ्या बोलून निघे.

"शेळीताई, बस की गं घटकाभर!"

"बसेन उद्या! वाट कुठे पळून चालली आहे?"

बैल तर किनाऱ्यावरूनच शेपटी हलवी. पुढे तो दिसेनासा झाला. येईल सवडीने, अशी उंडीने स्वतःची समजूत घातली.

अखेर तिने समुद्राला परत बोलाविले. त्या दिवशी घाईने परतणाऱ्या शेळीच्या खुरांना पाणी लागले.

"अगं बाई, अडकले की मी!" ती ओरडली. मग पाय दुमडून सावलीत बसली. बघता बघता वाट बुडाली.

"उंडीबाई," ती हळूच म्हणाली, "तुला सांगायचे राहूनच गेले. आपले बैलदादा गेले गं, पावसाळ्यातच."