टापटिप्याचं खत

एका गावात एक शेतकरी राहायचा, आणि तो त्या गावातला सगळ्यात दमलेला माणूस होता. त्याचा गोठा सकाळ-संध्याकाळ झाडलेला असायचा, अवजारं ओळीनं टांगलेली असायची. घरात कधी काही वाया जायचं नाही. लोक त्याला तोंडावर कारभारी म्हणायचे आणि पाठीमागे टापटिप्या.

या टापटिप्याच्या रानात गाजरगवत शिरलं होतं. गाजराच्या पाल्यासारखी पानं आणि वर बारीक पांढरी फुलं. ते गुरं खात नाहीत की कशाच्या उपयोगाला येत नाही. कुठून आलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. बियाण्याच्या पोत्यातून आलं असेल, नाहीतर गाडीच्या चाकाला चिकटून. आलं आणि राहिलं, एवढं खरं.

पावसाळ्यात पिकाची खुरपणी करता करताच टापटिप्याची आणि त्याच्या बायकोची कंबर मोडायची. पिकातलं तण निघायचं, बांधावरचं राहून जायचं. दसरा जवळ आला की बांध पांढराशुभ्र व्हायचा. येता-जाता गाव बघणार, म्हणून टापटिप्याला लाज वाटायची. मग दोघं नवरा-बायको ते फुललेलं गवत उपटायची आणि पाट्या भरभरून घरामागच्या उकिरड्यावर टाकायची.

उन्हाळ्यापर्यंत त्याचं खत व्हायचं. खतही असं, की मुठीत घेतलं तर भुरभुर गळावं. टापटिप्या ते आपल्या रानात घालायचा आणि उरलेलं मागेल त्याला फुकट द्यायचा. त्याच्या खताचं पंचक्रोशीत नाव होतं.

पुढच्या वर्षी गवत दुप्पट उगवायचं.

त्याच्या बायकोच्या हातांवर त्या गवतानं पुरळ उठायचं. खाजवून खाजवून कातडी सोलवटायची. मग दमही लागायला लागला. वैद्य म्हणाला, या गवतापासून लांब राहा. शेतकऱ्याच्या बायकोनं शेतापासून लांब राहायचं कसं, ते मात्र वैद्यानं सांगितलं नाही.

"अवो," ती एकदा बांधावर टेकून म्हणाली, "इतकं उपटतोय, तरी हे येतंय कुठनं?"

"कुठनं म्हणजे? पलीकडनं," टापटिप्या म्हणाला.

पलीकडे एका म्हाताऱ्याचं रान होतं. गाव त्याला आबा म्हणायचं. आबानं बांधावर कधी खुरपं लावलं नाही. त्याच्या बांधावर गाजरगवतही होतं आणि टाकळाही माजलेला होता. टाकळ्याच्या कोवळ्या पानांची भाजी आबाला आवडायची, एवढीच त्याची बांधाशी ओळख. टापटिप्यानं चावडीवर त्याची तक्रार केली. आबा म्हणाला, "बघू." तेव्हापासून टापटिप्यानं बोलणं टाकलं आणि दोघांच्या मधे बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. गवताच्या बियांना काटे टोचत नाहीत, हे त्या रागात सुचायचं राहिलं.

अशी बरीच वर्षं गेली. आणखी एखाद-दोन वर्षं असंच चाललं तर रान पडीक टाकावं लागेल, हे दोघांनाही कळत होतं. बायकोच्यानं आता तासभरसुद्धा वाकवत नव्हतं. त्यावर दोघं बोलत नव्हती, कारण बोलायलाही अंगात त्राण लागतं.

त्या उन्हाळ्यात टापटिप्यानं खताच्या गाड्या रानात नेल्या आणि ओळीनं ढीग घातले. दरवर्षी तो ते ढीग लगेच पसरायचा. या वेळी बायकोचे हात फडक्यात बांधलेले होते आणि त्याची स्वतःची पाठ धरली होती. "पसरू दोन दिवसांनी," तो म्हणाला. असं म्हणण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

मधेच वळवाची एक जोरदार सर येऊन गेली. पाठ मोकळी व्हायला बरेच दिवस लागले. मग तो रानात गेला आणि उभाच राहिला. नांगरलेल्या काळ्या रानात गवत तुरळकच होतं, पण प्रत्येक ढिगाभोवती गाजरगवताची कोवळी रोपं गच्च उगवली होती. पंगतीला पत्रावळी मांडाव्यात तशी ती हिरवी वर्तुळं ओळीनं मांडलेली होती.

टापटिप्यानं एका ढिगात हात घालून बघितलं; रोपं खतातूनच येत होती. त्याला फार वाईट वाटलं. आबाबद्दल वाटलं ते नंतर. आधी वाटलं ते आपण उपसलेल्या कष्टांबद्दल. त्यानं बायकोला बोलावून आणलं आणि दाखवलं.

तिनं एकेक ढीग बघत ओळ संपवली. "म्हंजे आपणच पेरत होतो," ती म्हणाली.

"कुणाला बोलू नको," टापटिप्या म्हणाला. ती घरी गेली.

मिरगाच्या तोंडावर नेहमीप्रमाणे खत न्यायला गाड्या आल्या. सगळ्यात पुढे त्याच्या जावयाची गाडी होती. त्याचं गाव नदीपलीकडे होतं.

"मामा, आमच्याकडं अजून या गवताची काडी न्हाई," जावई कौतुकानं म्हणाला. "ह्या वर्षी सासऱ्यांचं खत घालणार म्हणून गावभर सांगून आलोय. भरू का गाडी?"

भर म्हटलं असतं तर कुणाला काहीच कळलं नसतं. खत छान दिसत होतं. गवत उगवलं असतं पुढच्या वर्षी, आणि तिकडेही कुणी तरी शेजारी असणारच, त्याच्याकडे बोट दाखवायची सोय होती. शिवाय दारात आलेला जावई मोकळ्या गाडीनं परत पाठवायचा म्हणजे नाक कापून घेण्यासारखंच.

एवढ्यात टापटिप्याची बायको जावयाला पाण्याचा तांब्या घेऊन आली. फडकी बांधलेल्या दोन्ही हातांत तिनं तो सावकाश धरला होता.

"थांबा जावईबापू," टापटिप्या म्हणाला. "हे खत न्यायचं न्हाई. आत गाजरगवताचं बी हाय. फुललेलं गवत मीच टाकत आलो उकिरड्यावर. माझ्या रानातही माझ्याच खतातनं पसरलं."

आधी कुणाला खरं वाटेना. एक जण म्हणाला, "कारभारी, द्यायचं नसंल तर सरळ सांगा की." मग एकेकाला आठवायला लागलं, की त्याच्या रानातही गवत खताच्या गाडीनंतरच आलं होतं. फुकट नेलेल्या खतासाठी लोक दाम मोजल्यासारखे चिडले. नको नको ते बोलून गाड्या परत गेल्या. जावयानंही बैल वळवले.

टापटिप्या उकिरड्याशेजारी बसून राहिला. आबा वाटेवरून सगळं ऐकत होता. तो जवळ आला.

"चुकलं माझं, आबा," टापटिप्या म्हणाला.

"माझंबी चुकलंच की," आबा म्हणाला. "बी तुझ्या खतातनं आलं आसंल, पण वाढवलं मीच. कधी एक काडी उपटली न्हाई. आता ते काटे काढ बाबा. दर साली धोतर फाटतंय."

त्या वर्षी रानातले ढीगही परत उकिरड्यावर आणले आणि उकिरडा जागेवरच राहिला. पाऊस पडला की त्यावर रोपं उगवायची. ती कोवळी असतानाच उपटायची आणि खत खालीवर करायचं, असं पावसाळाभर चाललं. खताविना पीक पातळ आलं. रानातलं आणि बांधावरचं गवत मात्र फूल धरायच्या आत, माती ओली असताना, हाताला फडकी गुंडाळून मुळासकट काढलं. टापटिप्या आणि आबा बांधाच्या दोन बाजूंनी वाकायचे. बायकोला त्यांनी गवताला हात लावू दिला नाही. ती लांब उभी राहून राहिलेली रोपं दाखवायची. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळ्याचं बी टाकायचं आबानं सुचवलं. भाजीच्या लोभानं का होईना, पण टाकळा दाट वाढला की गवताला जागा उरायची नाही. चिडलेले लोकही हळूहळू यायला लागले. वाटेच्या कडा आणि देवळामागचं आवार कुणाचंच नव्हतं. तेही सगळ्यांनी मिळून काढलं.

गवत संपलं का? नाही. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं दबून राहतं, आणि पाऊस आला की डोकं वर काढतं. पुढच्या वर्षीही वाकावं लागलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. फक्त दर वर्षी थोडं कमी.

एका दसऱ्याला बांध हिरवा होता. टापटिप्यानं आबाला विचारलं, "दमलात?"

"दमलो की," आबा म्हणाला. "तू न्हाई?"

"मी तर जन्मभर दमतोय," टापटिप्या म्हणाला. "पण काम झाल्यावर दमतोय ते आत्ताच."

त्या संध्याकाळी जावई सोनं द्यायला आला. मोकळी गाडी घेऊन गेला होता, त्यानंतर पहिल्यांदाच आला होता. आपट्याचं पान हातावर ठेवून तो पायाशी वाकला आणि म्हणाला, "मामा, आमच्याकडं अजून काडी न्हाई."

तात्पर्य, ज्याला हवं त्यानं घ्यावं: तण फुलायच्या आत उपटावं, आणि शेजाऱ्याच्या बांधाकडे बोट दाखवण्याआधी आपला उकिरडा एकदा उकरून बघावा.