सांध्यावरचं रबर

फार वर्षांमागे एका खाडीच्या पोटात तेल सापडलं, आणि माणसं ते नळातून पलीकडच्या शहरात नेऊ लागली. खाडीच्या वाट्याला आला तो नुसता वास.

बांधावरची घूस रोज धुमसायची. "तेल आपलं आणि दिवे त्यांचे! नळाच्या सांध्यावरचं रबरच कुरतडते, मग कळेल त्यांना."

"अगं, पण ते सांडेल आमच्या चिखलात," निवटीमावशी म्हणाली. ती मासळी असली तरी चिखलात बीळ करून राहायची.

"ओहोटी लागली की कुरतडते, मावशी. सगळं समुद्रात जाईल."

तसंच झालं. काळा ओघळ समुद्राकडे गेला आणि खेकड्यांनी आनंदाने नांग्या वाजवल्या. पण ओहोटीने नेलेलं भरती परत आणते, हे कोरड्या बांधावर वाढलेल्या घुशीच्या ध्यानातच आलं नव्हतं. भरतीबरोबर तेल बिळाबिळांत शिरलं. मावशीची अंडी काळी पडली.

दुसऱ्याच दिवशी माणसं नवं रबर बसवून गेली. तिन्हीसांजेला घूस मान खाली घालून मावशीपाशी आली. तेलाने मावशीचे डोळे चिकटले होते.

"घुशी, शहरातला एक तरी दिवा विझला का गं?"

घुशीने पलीकडे पाहिलं. शहर नेहमीसारखंच लखलखत होतं.

"विझले, मावशी," ती म्हणाली. "सगळे विझले."