नावाचा कोतवाल

फार जुनी गोष्ट. माळावरच्या पाखरांना अंड्यांसाठी राखणदार हवा होता. टिटवी आणि कोतवाल पक्षी, दोघांची मुलाखत म्हाताऱ्या मोराने घेतली आणि कोतवालाला निवडलं.

टिटवी भडकली. "नावातच कोतवाल! सगळं आधीच ठरलेलं. मुलाखत नुसती नावाला!" असं ओरडत तिने दिवसभर माळ डोक्यावर घेतला.

संध्याकाळी ती घरट्याकडे परतली, तर कोतवाल चोची मारमारून एका सापाला हुसकत होता. तिची चारही अंडी शाबूत होती.

"ताई, तुझी ओरड ऐकली आणि वाटलं, अंड्यांवर साप आला. म्हणून तडक इथं येऊन पहारा देत बसलो," कोतवाल धापा टाकत म्हणाला. "टिटवी उगाच ओरडत नाही, हे मी मुलाखतीत मोरालाही सांगितलं होतं."