शेवटचा इलेक्ट्रॉन

पृथ्वी नुकती निवत होती, तेव्हाची ही गोष्ट. सोडियम नावाचा एक अणू होता. त्याच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन फिरे. त्याला सांभाळता सांभाळता सोडियमचा जीव मेटाकुटीला येई आणि पाणी नुसते शिवले तरी तो भडकून उठे.

एके दिवशी हिरवट, उग्र वासाची क्लोरीन समोर आली. तिच्या जहरी श्वासाला भिऊन सगळे पळत.

"सोडियमदादा, माझ्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन आहेत, एकाची जागा रिकामी आहे," ती म्हणाली. "तुमचा मला द्याल?"

"आणि माझं काय होईल?"

"ते मलाही ठाऊक नाही, दादा."

तिचे खरे बोलणे सोडियमला भावले. त्याने डोळे मिटून इलेक्ट्रॉन सोडला. त्याच क्षणी त्याच्या अंगी धनभार आला, तिच्या अंगी ऋणभार, आणि दोघे एकमेकांना घट्ट बिलगले.

सोडियमने डोळे उघडले. वर, खाली, चहूबाजूंनी तशाच जोड्या येऊन ओळीने बसत होत्या. नजर पोचेल तिथवर एक पारदर्शक महाल उभा राहत होता.

"अबब, हे आपण?" त्याच्या तोंडून कसेबसे निघाले.

मिठाचा कण भिंगाखाली धरून पाहा. त्या महालाचे काटकोन आजही दिसतात.