आठ व्याख्या आणि एक बाक

किनाऱ्यावरच्या गावात पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या बायकांची आज इंग्रजीची परीक्षा होती. बोरगावकर साहेब जिला पास करतील, तिचंच घर सरकारी यादीत चढणार होतं.

परीक्षा त्यांच्यापैकीच एक असलेल्या इंदूकाकींच्या अंगणात भरली. साहेबांनी आल्या आल्या बजावलं, "मराठीचा एक शब्द काढलात की नापास! हं, पार्ट्स ऑफ स्पीच किती? अ‍ॅडव्हर्बची व्याख्या सांगा."

काकींचं लक्ष साहेबांच्या मागच्या बाकाकडे होतं. "सर, प्लीज डोन्ट सिट देअर. द पेंट इज वेट."

"मी वाक्य विचारलं का?" म्हणत साहेब बाकावर ऐसपैस बसले.

"बट सर, द पेंट इज वेट!"

"व्याख्या!"

काकींनी कपाळावर हात मारला. आता या माणसाला सांगावं तरी कसं? "सर, प्लीज गेट अप!"

"परीक्षकालाच उठवता? नापास!" साहेबांनी शब्दांच्या आठही जातींच्या व्याख्या स्वतःच खणखणीत म्हणून दाखवल्या आणि मग ते उठले. पांढऱ्या पँटवर मागे हिरवेगार पट्टे उमटले होते.

"अहो बाई, रंग ओला आहे हे सांगायचं नाही?"

"दोनदा सांगितलं, साहेब," काकी वैतागून म्हणाल्या. "तुम्हाला आठही व्याख्या पाठ, म्हणून मला वाटलं, इंग्रजीही कळत असेल."

साहेबांनी कागद मागवला आणि काकींना पास केलं. काकींनी खुर्ची पुढे केली होती, पण सही साहेबांनी उभ्यानेच ठोकली.